फुटामागं एक सूत

बीड ओतलं की निवताना आकसतं,
फुटामागं एक सूत.
म्हणून आमची पट्टी दुकानातल्या पट्टीपेक्षा लांब.
तिच्यावरचा फूट खोटा,
तिच्यावरून उतरलेला माल खरा.
तेवीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न करतोय,
पंपाची बॉडी, पुली, गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर.
कधी चुकलो नाही.
चुकलो, दोनदा. ते सोडा.

पैसाही आकसतो,
हे मला बाळासो मगदूमनं सांगितलं.
पतसंस्थेची पिग्मी गोळा करत तो रोज साडेपाचला येतो,
शेजारच्या फाउंड्रीत भट्टी उतरायच्या वेळेला.
हातातलं मशीन कर्रर्र करतं,
पावती निघते, शंभर रुपये फक्त.
"सुतारदा, पोरीच्या शिक्षणाला साठवतायसा न्हवं?
मग आजच्या फीवर जाऊ नगा."

सोमवारी कारखाना बंद.
प्लायवूडच्या तुकड्यावर, कानामागच्या पेन्सिलीनं मांडलं.
स्वरांजली पहिलीत. हातात बारा वर्षं.
इंजिनिअरिंगची चार वर्षं, हॉस्टेल-मेस धरून,
आज सहा लाख.
साल सरलं की आठ टक्के चढवायचे,
आणि चढलेल्यावर पुन्हा आठ.
वाढीलाही वाढ फुटते,
खोडव्याला फुटवे यावेत तशी.
बाराव्या ओळीत पंधरा लाख अकरा हजार.
पॉलिश पेपरनं घासून काढलं, पुन्हा मांडलं.
तेवढेच.

व्याज सात टक्के मिळेल असं धरून
महिन्याला सहा हजार सातशे पंचवीस,
म्हणजे दिवसाला सव्वादोनशे.
मी भरतो शंभर.

मग नुसतं बघावं म्हणून
तुकडा उलटा केला.
आत्ता जमत नाही, ती सातवीत गेल्यावर सुरू केलं तर?
महिन्याला सतरा हजार.
तो तुकडा मी रंध्याखाली सरकवून ठेवला.

वंदनानं रंधा उचललाच.
दोन्ही बाजू वाचल्या, कापडाचा आडवा-उभा धागा बघते तशा.
"माझ्या पिको-फॉलचे रोजचे साठ
धरलेत काय ह्यात?"
धरले नव्हते.
दुसऱ्यांच्या पंपांची सुताची मापं सांभाळणारा मी,
घरातलं एवढं मोठं माप बाहेर राहिलं होतं.

एकशेसाठ झाले.
बुधवारचं मटण बंद, ती म्हणाली, पन्नास आले.
"आणि रविवारचं?"
"रविवारचं ऱ्हाऊ दे.
कोल्हापूर सोडून जायचं नाही आपल्याला."
उरले पंधरा.
ती माझ्या खिशाकडं बघत होती, तंबाखूच्या.

पोरीला विचारलं, तू कोण होणार?
जेसीबी चालवणार, म्हणाली.
परवा फुगेवाली व्हायचं होतं.
सतराच्या बाजूला तिनं पिवळ्या खडूनं जेसीबी काढून टाकला,
त्याचं बकेट आलं नेमकं शून्यांवर.

पॅटर्नला आणखी एक गोष्ट द्यावी लागते,
कडांना अगदी जरासा उतार,
वाळूतून सुटताना साचा फुटू नये एवढाच.
कारण ओतायच्या आधी लाकूड बाहेर काढतात.
आत उरते ती पोकळी.
लाकूड परत फळीवर जाऊन बसतं,
आपल्या जागी काय ओतलं, ते त्याला कोण सांगतंय?
पण मला आधी विचारावं लागतं.
बिडाला एक सूत, पोलादाला दोन.
आणि ही कुठल्या धातूची
ते सहा वर्षांच्या तोंडाकडं बघून कळत नाही.

मंगळवारी मगदूम आला.
"आज किती लिहू?"
दोनशे दहा म्हणालो.
त्यानं एकदा वर बघितलं, मग बटणं दाबली.
मशीन कर्रर्र.
पावती नेहमीएवढीच निघाली.
ती मी खिशात घातली,
खिशात चुन्याची डबी होती,
आणि पुडीत आजच्यापुरती तंबाखू.